टायमिंग कोणी लावायचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात जुन्या मोटारींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेव्हा दांडिया बाजार, रावपुरा, राजमहाल रोड इकडची कितीतरी घरे मुलाबाळांसह तिकडे लोटली होती. पितळी दिवे, तारांची चाके आणि आरशासारखी चकचकीत बॉनेटे पाहून म्हातारी माणसे जुन्या आठवणी काढीत होती आणि नातवंडे फोटो काढीत होती. मीही त्या गर्दीत होतो. लोक मालकांना नाना प्रश्न विचारीत होते. गाडी कोणत्या सालची? कोणाकडून आली? आज हिची किंमत काय होईल? परंतु एक प्रश्न मात्र दिवसभरात माझ्या कानावर आला नाही: "हिचे टायमिंग कोण लावतो?"

मीही तो कोणाला विचारला नाही. कारण त्याचे उत्तर काय मिळेल हे मला ठाऊक होते. २०१९ सालापर्यंत आमच्याही घरात तेच उत्तर होते. "गॅरेजवाला लावतो," असे आम्ही सांगत असू, आणि त्यात काही कमीपणा आहे असे आम्हाला वाटत नसे. आज मला तो कमीपणा वाटतो. तो का वाटतो, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची गाडी एम. जी. टीसी. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची. हे मॉडेल इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे आणि अशा एकंदर सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. इंजिन अवघे १२५० सी.सी.चे, चार सिलिंडरचे. पण ते आपल्या ताकदीपेक्षा अधिक आवाज करणारे आणि आवाजापेक्षा अधिक आनंद देणारे. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. त्यानंतर चार वर्षांनी आमच्या वडिलांनी ती एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली. वडिलांच्या हयातीत आणि त्यानंतरही बरीच वर्षे एक वृद्ध मिस्त्री तिची देखभाल करीत. ते अर्धे गुजरातीत, अर्धे मराठीत बोलत. आणि गाडीशी बोलताना कोणत्याच भाषेत नाही, नुसते कान लावून ऐकत. ते गेले आणि त्यांच्याबरोबर गाडीची सगळी माहितीही गेली. आम्ही कधी त्यांच्या शेजारी उभे राहून ती विचारून घेतली नव्हती.

आता ज्यांना या विद्येचा परिचय नाही त्यांच्यासाठी टायमिंग म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. पण मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एका क्षणात उडत नाही. आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरायला थोडा वेळ लागतो. यास्तव पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, म्हणजे जळण्याचा पूर्ण जोर पिस्टन माथा ओलांडून खाली निघाल्यावर, साधारण पंधरा अंशांच्या सुमारास, त्याच्यावर पडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक सुमारे पाच अंश फिरतो. ३००० फेरे घेत असेल तर तेवढ्याच वेळात अठरा अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी अधिक आधी पाडावी लागते. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. ठिणगी उशिरा पडली तर इंजिन मंद होते आणि तापते, सायलेन्सर लाल होऊ लागतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तडाखा बसतो, इंजिन ठोकू लागते, आणि हे बरेच दिवस चालले तर पिस्टनचा माथा, हेडची गॅस्केट आणि बेअरिंगे यांचे नुकसान होते.

प्रारंभीच्या मोटारींत हे काम हाकणाऱ्यालाच करावे लागे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल-टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूस ठिणगीसाठी एक छोटा दांडा असे. गाडी सुरू करताना तो मागे, वेग वाढला की पुढे. म्हणजे मोटार हाकणे आणि टायमिंग लावणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच. पुढे डिस्ट्रिब्यूटरमध्ये छोटी वजने आणि स्प्रिंगा आल्या. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. आमच्या टीसीत हीच व्यवस्था आहे. आजच्या मोटारींत हे सारे काम संगणक करतो. गंमत अशी की, त्याच एम. जी. नावाच्या मोटारी २०१९ पासून आपल्या शेजारी हालोलच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा नव्या गाड्यांच्या इंजिनांत ठोका ऐकणारा एक सूक्ष्म कान बसवलेला असतो. ठोका ऐकू आला की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी मागे सरकवली जाते. जुन्या गाडीत असा कान नाही. तिथे मालकाचा कान हाच तो कान. तो जर घरी ठेवून आपण गाडीत बसलो, तर गाडी बहिरी झाली असेच समजावे.

आता २०१९ ची हकिगत. त्या वर्षी हेडची गॅस्केट गेली. गाडी उघडलीच आहे तर टायमिंग चेनही बदलू, असे ठरले. पुढची पुली तडकलेली निघाली. ती मिळेना, म्हणून दुसऱ्या एका इंजिनाची जुनी पुली बसवली. एका गॅरेजने हे सारे काम महिनाभरात करून दिले. टायमिंग त्यांनी रीतसर पुस्तकाप्रमाणे, झगमगत्या दिव्याची बंदूक रोखून लावले होते. गाडी घरी आली तेव्हा आम्ही खूश होतो. ती पूर्वीपेक्षा चटपटीत झाली होती. पायाचा नुसता स्पर्श झाला की उसळी घेई. "बघा, नव्यासारखी झाली!" असे मीच चार लोकांना सांगितले. ठिणगी प्रमाणाबाहेर लवकर पडत असली तरी इंजिन आरंभी असेच चटपटीत वाटते, ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. चढावावर एक बारीक खडखड येई, कोणी डब्यात शेंगदाणे हलवावेत तशी. ती मी ऐकली होती. पण जुनी गाडी म्हटले की खडखड व्हायचीच, असे समजून सोडून दिली.

पंधरा दिवसांनी बॅटरी उतरली. पुतण्या म्हणाला, "काका, हँडल मारू का?" मी म्हणालो, "मार की. तुझे आजोबा रोज मारीत." त्याने हँडल घातले, अंगठा दांड्याभोवती गुंडाळला आणि जोरात फिरवले. इंजिनाने उलट तडाखा दिला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, आणि त्याच महिन्यात त्याची परीक्षा होती.

हँडल उलटते ते याच कारणाने. हाताने फिरवताना इंजिन फार हळू फिरत असते. ठिणगी माथ्याच्या बरीच आधी पडली तर पेटलेले मिश्रण पिस्टनला आल्या वाटेने खाली लोटते, क्रँक उलटा फिरतो आणि तो सारा जोर दांड्यातून हातात येतो. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर दिला, तेव्हा या तडाख्यापासून सुटका हे त्या सोयीचे मोठेच आकर्षण होते. जुने लोक म्हणूनच सांगत की, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोवती गुंडाळू नये, आणि हँडल नेहमी वर ओढावे, खाली दाबू नये. आमच्या वडिलांना हे माहीत होते. मलाही कधीतरी सांगितले असेल. मी ते पुतण्याला सांगितले नाही.

पुढे एका निवृत्त फिटर गृहस्थांनी गाडी पाहिली. त्यांनी पुस्तक उघडले नाही, दिवा लावला नाही. आधी विचारले, "ही पुली कुठली?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "मग पुलीवरची खूण कशावरून खरी?" शोध घेतला तेव्हा असे आढळले की, खूण आणि बाण समोरासमोर असताना पिस्टन माथ्यावर नव्हताच, तो अजून जवळजवळ पंधरा अंश खाली होता. दिवा खोटे बोलत नव्हता, पुस्तक खोटे बोलत नव्हते, गॅरेजवाल्यानेही कामचुकारपणा केला नव्हता. ज्या खुणेवर सर्वांनी विश्वास ठेवला ती खूणच दुसऱ्या इंजिनाची होती.

या प्रसंगातून मी जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट: दुरुस्तीनंतर खुणेवर विश्वास ठेवण्याआधी खूण तपासावी. हेड उतरलेले असेल तर हे काम सोपे असते. पहिल्या सिलिंडरच्या पिस्टनवर डायल गेज लावावा, पिस्टन माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच अंतरावर असताना पुलीवर दोन खुणा कराव्यात आणि त्यांचा मध्य काढावा. तोच खरा माथा. नुसते नजरेने "आता वर आला" असे ठरवू नये. कारण माथ्याजवळ क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन हललेला दिसत नाही. हेड बसवलेले असेल आणि प्लगचे भोक सरळ पिस्टनवर उतरत असेल, तर त्यात एक अडसर बसवून इंजिन हाताने हळूच दोन्ही बाजूंनी फिरवावे. पिस्टन जिथे जिथे अडतो तिथे खूण करावी आणि मध्य घ्यावा. अडसर काढायला मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट: चेन. वॉल्व्हची उघडझाप या चेनवर अवलंबून असते. आमच्या इंजिनात दोन्ही दातेरी चाकांवर खुणा असतात आणि चेनच्या दोन चकचकीत कड्या त्यांच्याशी जुळाव्या लागतात. एक दात चुकला तरी इंजिन सुरू होते, आणि हेच वाईट. कारण मग दोष ठिणगीत शोधला जातो आणि तो तिथे कधीच सापडत नाही.

तिसरी गोष्ट: कामाचा क्रम. आधी टॅपेट, मग पॉइंटची फट, मग टायमिंग, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडला तर सारे काम पुन्हा करावे लागते. आमच्या गाडीत टॅपेटची फट इंजिन गरम असताना १९ थाऊ ठेवायची असते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पॉइंटची फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीही लवकर पडते. फट कमी झाली की उशिरा. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर फटीला हात लावणे म्हणजे लावलेले टायमिंग बिघडवणे. नवे पॉइंट बसवले की त्यांची टाच आरंभी झिजते, फट कमी होते आणि ठिणगी मागे पडते. यास्तव काहीशे मैलांनंतर पुन्हा पाहावे लागते. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा हाताने हलवून पाहावा. त्याच्या बुशी झिजलेल्या असतील तर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगवेगळ्या वेळी पडेल, आणि मग टायमिंग कोणतेही लावा, ते एकाच सिलिंडरपुरते खरे असेल.

चौथी गोष्ट: पहिला सिलिंडर माथ्यावर आहे एवढे पाहून भागत नाही. दोन फेऱ्यांत तो दोनदा माथ्यावर येतो. एकदा मिश्रण दाबताना, एकदा धूर बाहेर टाकताना. प्लग काढून भोकावर बोट ठेवावे. बोटाला दाब लागला तरच तो आपल्याला हवा असलेला माथा. मग रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे तोंड करून आहे ना, आणि तारा १, ३, ४, २ या क्रमाने आहेत ना, हे पाहावे.

पाचवी गोष्ट: दिव्याच्या बंदुकीवाचूनही टायमिंग लावता येते. एक साधा बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन तारा पुरतात. एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. किल्ली फिरवावी, इंजिन मात्र सुरू करू नये. पॉइंट मिटलेले असतील तोवर बल्ब विझलेला राहतो. ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी तो पेटतो. खूण आणि बाण जुळवून ठेवावेत, डिस्ट्रिब्यूटर किंचित सैल करून हळू फिरवावा आणि बल्ब पेटेल तिथे आवळावा. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा तपासावे. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटर एक अंश हलवला की क्रँकच्या हिशेबाने दोन अंश होतात, हे ध्यानात ठेवावे. दिव्याची बंदूक असेल तर तिने नंतर वजने आणि स्प्रिंगा नीट काम करतात की नाही तेही पाहता येते. बल्बने ते कळत नाही.

सहावी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: पुस्तकातला आकडा ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. टीसीच्या पुस्तकात सांगितले आहे की, इंजिन थांबलेले असताना ठिणगी बरोबर माथ्यावर पडावी. म्हणजे शून्य अंश. पण तो आकडा ज्या काळात लिहिला गेला त्या काळी युद्धानंतरच्या इंग्लंडात सर्वांना एकच हलके "पूल" पेट्रोल मिळे. त्याचे ऑक्टेन सत्तरच्या थोडेसेच वर होते, आणि ही व्यवस्था १९५३ पर्यंत चालली. आज आपल्या पंपावरचे साधे पेट्रोलही त्याहून बऱ्याच अधिक ऑक्टेनचे असते. ठोक्याला ते कितीतरी अधिक सहन करते. त्यामुळे टीसीसारख्या कमी दाबाच्या इंजिनाला आज किंचित अधिक ॲडव्हान्स मानवतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागले आहे. इथेनॉलने ठोका वाढत नाही, परंतु ते स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येते. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी अडखळते आणि तापते. लोकांना वाटते टायमिंग गेले. वस्तुतः दुरुस्ती कार्बोरेटरची हवी असते. रबरी नळ्याही याच वेळी तपासाव्यात. जुने रबर इथेनॉलने लवकर खराब होते.

म्हणून शेवटचा निवाडा रस्त्यावर करावा. इंजिन नीट गरम होऊ द्यावे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मंद वेगाने जाताना पाय पूर्ण दाबावा आणि ऐकावे. शेंगदाण्यांचा आवाज येऊन टिकून राहिला तर डिस्ट्रिब्यूटर जरासा मागे घ्यावा. आवाज अजिबात नसेल आणि गाडी जड वाटत असेल तर जरासा पुढे. आपल्या सपाट बडोद्यात हे नीट कळत नसेल तर पावागडचा चढ आहेच. आमची गाडी अखेर शून्याच्या पुढे चार अंशांवर समाधान पावली. दुसऱ्या टीसीला कदाचित दोन मानवतील. ज्याची गाडी त्याने ऐकावी.

आता आक्षेपांकडे वळू. काही मित्र म्हणतात, "एवढी यातायात कशाला? पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा." माझा त्याला विरोध नाही. पॉइंट झिजणे आणि फट बिघडणे या दोन्ही कटकटी त्याने जातात. पण ठिणगी कधी पडावी हे तो डबा ठरवीत नाही. डिस्ट्रिब्यूटर कुठे आवळला यावरच ते ठरते. आमच्या गाडीत असा डबा असता तरी पुतण्याचे मनगट वाचले नसते. चुकीची खूण डब्यालाही चुकीचीच.

दुसरे म्हणतात, "हे मिस्त्रीचे काम. ज्याचे काम त्याने करावे." वरवर पाहता हे म्हणणे रास्त आहे. परंतु आज पस्तिशीतल्या मेकॅनिकने पॉइंटचे इंजिन पाहिलेले तरी असते का? त्याला दोष कसा देणार? या टीसीच्या इंजिनाचेच पाहा. त्याच्या नटांची डोकी इंग्रजी मापाची आणि आटे मात्र मेट्रिक, कारण ते ज्या कारखान्याच्या परंपरेतून आले तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिल्याच दिवशी आटे खराब करील. हे त्याला कोणी सांगायचे? मालकाने. आणि मालकालाच ठाऊक नसेल तर?

येथे मला आपल्या लोकांविषयी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. आपण जुनी घराणी. कोणाचे पूर्वज शिलेदार, कोणाचे कारकून, कोणाचे वकील, कोणाचे शिक्षक. हाताला तेल लागणे हे आपल्याकडे कधीच मानाचे समजले गेले नाही. गाडी दाराशी असावी, तिच्यात बसावे, तिचा फोटो दिवाणखान्यात लावावा. तिच्या पोटात काय आहे ते दुसऱ्याने पाहावे. ही वृत्ती आपण कुठून आणली हे मला समजत नाही, कारण ज्या राजाच्या नगरात आपण राहतो त्याची वृत्ती ही नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन काढले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी हुन्नराचे शिक्षण लोकांच्या भाषेतून देता येते असा आग्रह धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले होते. हाताने काम करणे आणि डोक्याने काम करणे ही दोन वेगळ्या जातींची कामे नव्हेत, हा त्या संस्थेचा पायाच होता. आपण त्या इमारतीच्या घुमटाचे कौतुक करतो. आत काय शिकवले जात होते ते मात्र विसरलो.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूप राखलेली मोटार त्यांनुसार "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांसाठीच तिने बाहेर पडावे. नियम योग्य आहे, परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावा. गाडी वर्षात मोजकेच दिवस चालेल. उरलेले दिवस ती उभी राहील, पॉइंटांवर थर चढेल, स्प्रिंगा गंजतील. रोज हाकणाऱ्याला गाडीतला बदल आपोआप कळतो. वर्षातून पाच वेळा हाकणाऱ्याला तो कळत नाही, त्याला तपासावाच लागतो. म्हणजे पूर्वी मिस्त्रीवर सोपवून चालत होते, आता तेवढेही चालणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. जुनी मोटार जपणे म्हणजे तिचा रंग जपणे नव्हे. रंग पैसे टाकून पुन्हा मिळतो. तिला चालती ठेवण्याची विद्या घरात असली पाहिजे, निदान एका माणसाच्या हातात. आणि ती त्या माणसाबरोबर जाऊ नये म्हणून कागदावर असली पाहिजे, आपल्या भाषेत, आपल्या अक्षरात. आमचे मिस्त्री गेले तेव्हा आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो, हार घेऊन गेलो. त्याऐवजी ते असताना एक वही घेऊन गेलो असतो तर अधिक शोभले असते.

पुतण्याचे मनगट आता बरे आहे. थंडीत थोडे दुखते इतकेच. आता टायमिंग तोच लावतो. पुलीवरची खोटी खूण आम्ही बुजवून टाकली आणि खऱ्या माथ्यावर पांढऱ्या रंगाची नवी रेघ ओढली. हत्यारांच्या पेटीत एक जाड पुठ्ठ्याची वही असते. तिच्यात प्रत्येक दुरुस्तीची तारीख, टॅपेटची फट, पॉइंटची फट, टायमिंगचा अंश आणि त्या दिवशी पेट्रोल कोणते होते ते लिहिलेले असते. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात एक सूचना लिहिली आहे: "हँडल मारताना अंगठा बाहेर." त्याखाली लिहिले आहे: "आधी खूण तपासा."

पुढल्या वेळी अशा प्रदर्शनाला गेलात तर सालाबरोबर आणि किमतीबरोबर हा प्रश्नही मालकाला विचारा. तो जर म्हणाला, "मी लावतो," तर त्याच्या नखांकडे पाहा. आणि ती काळी असतील तर त्याला नमस्कार करा.